रुखमाबाबाई

सिहोऱ्याच्या डोमाला एकच वेड लागलं होतं: आपलं नाव छापून आलं पाहिजे. आणि ते येणारच होतं! त्याच्या परसातल्या कोहळ्याच्या फुलात एक चिमुकली हिरवी रानमाशी सापडली होती. कलकत्त्याहून माश्यांचा अभ्यास करायला आलेल्या साहेबांनी ती भिंगाखाली धरली आणि उडीच मारली. "ये तो नई है! इसको आपका ही नाम देंगे."

झालं! डोमाचे पाय जमिनीवर ठरेनात. ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं, मग एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलं.

साहेब नाव लिहून घ्यायला आले तेव्हा हा गडी फोटोसाठी सदरा शिवायला तुमसरला गेलेला. घरी बायको, सत्यभामा. साहेबांनी विचारलं, "पति का नाम?"

आता आली का पंचाईत! लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. पोरीच्या नावानंच ती त्याचा उल्लेख करायची. पदर ओढून ती पुटपुटली, "रुखमाचे बाबा."

"रुखमाबाबा! बहुत अच्छा," म्हणत साहेबांनी लिहून घेतलं आणि निघून गेले.

पुढच्या वर्षी साहेबांच्या मासिकाचा छापील अंक आला. पारावर सारं गाव जमलं. केशवराव गुरुजींनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि खाकरून म्हणाले, "माशीचं नाव आहे रुखमाबाबाई."

"बाई?" डोमा किंचाळला.

"शास्त्रात पुरुषाच्या नावाला 'ई'चं शेपूट लावतात बाबा."

मग काय विचारता! हसून हसून लोक पारावरून खाली घसरले. भैय्यालाल तर हात जोडून म्हणाला, "राम राम, बाबाई!"

"गुरुजी, बदलून नाही मिळत का जी?"

"एकदा छापलं की ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही."

नवा सदरा घातलेला डोमा अंक मांडीवर घेऊन मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले. ते पाहून सत्यभामेला राहवेना. आपल्याच लाजेनं याचं नाव गेलं! ती बायांतून उठली, पदर खोचला आणि साऱ्या गावादेखत खणखणीत आवाजात म्हणाली,

"कोहळ्याच्या फुलात माशी निजली नवी,
डोमारावांचं नाव घ्यायले लाज कायले हवी!"

डोमा तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघतच राहिला. मांडीवरचा अंक घसरून धुळीत पडला, तो त्यानं उचललाही नाही.

"आयकू नाही आलं वो," तो लबाडीनं म्हणाला. "अजून एक डाव नाव घे ना!"