पिक अपची दुपार

बटण टेबलाखाली पडलं होतं – निळं, चार भोकांचं – आणि नात ते दिसत असूनही उचलत नव्हती. इंग्रजीच्या धड्यातलं ‘पिक अप’ म्हणत आजोबांनी ते मुद्दाम टाकलं होतं. अर्थ सांगायचा नाही, करायला लावायचं आणि गप्प बसायचं... मास्तरकीचा उभा जन्म त्यांनी असाच काढला होता.

आतून लेक म्हणाली, “बाबा, आजही तिला हे उमगलं नाही, तर सोमवारपासून क्लासला घालते हं. तिथं अर्थ पाठ तरी करून घेतात.”

नात वाकली, बटण उचलून तिनं टेबलावर ठेवलं. “हे कळलं. पण पुस्तकातल्या मावशीनं सर्दी पिक अप केलीय. सर्दी काय खाली पडली होती?”

आजोबांना हसू फुटलं. सांगून टाकावं का – सर्दी झाली, एवढंच तर आहे. सोमवारही टळेल, उद्याही ही इथंच, या खुर्चीवर पाय हलवत बसेल... उत्तर अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. वर्गातही अशीच शांतता पसरायची, मागच्या बाकावरचं एखादं पोर छताकडे बघत राहायचं, आणि त्या बघण्यातून काही उगवेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसायचं – मास्तरांना तर मुळीच नाही. भीती त्यातच, आणि सगळी गंमतही त्यातच.

“सांगा ना.”

“अंहं.”

“तुम्हालाच येत नसेल.”

“असेल बुवा तसंही.”

ती गालावर बोट टेकवून बसली. मग सावकाश म्हणाली, “आई ऑफिसातून सर्दी घेऊन येते, तिला पत्तासुद्धा नसतो. तसं? नकळत येऊन चिकटतं ते?” आणि एकदम सरसावून, “शाळेत मी ‘बुवा’ म्हणते म्हणून सगळी हसतात मला. तुम्ही कुठं शिकवलं होतंत? तेही मी पिक अपच केलं की.”

लेक हात पुसत दारात आली होती. तिनं किती ऐकलं, कोण जाणे. आजोबांनी वळून पाहिलं नाही. त्यांच्या आत काहीतरी हलकं, उनाड, शाळा सुटल्यासारखं धावत सुटलं होतं... न शिकवता आणखी काय काय हिच्यात जाऊन बसलं असेल – आणि हिचं माझ्यात? ‘बरोबर’ म्हणायचंही राहून गेलं. आणि ती तर, बरोबर की चूक हे न विचारताच, पुढच्या वाक्यावर बोट ठेवून मोकळी झाली होती.