बटणाची जागा

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा राहून दोराला तेल देत होतो. मेहुणीचा फोन आला.

"भाऊजी, आधी खाली या."

"अर्धाच दोर झालाय. पुरा करून येतो," मी म्हणालो. वीस मिनिटांनी खाली आलो तर मेहुणी फाटकाशी उभी होती, बाह्यांवर शांपूचा फेस वाळलेला. बायको तिच्या पार्लरमध्ये केस धुवायला मान मागे टाकून बसली होती. "पाणी जरा कोमट कर," म्हणाली आणि तशीच गेली.

तो बुधवार होता.

त्याआधीच्या शनिवारी आम्ही नेहमीसारखे गोल्फला गेलो होतो. मैदान छोटं, नऊच होल. मोठ्या मैदानावरचे लोक त्याला पोरखेळ म्हणतात. आम्हाला तेवढं पुरे. खेळ झाला की समोरच्या पबमध्ये जायचं. तिथे बिअर आतच बनते. जिंकणाऱ्याने निवडायची आणि हरणाऱ्याने मुकाट्याने प्यायची, असं आमचं ठरलेलं. अकरा वर्षांत मी एकदाही जिंकलो नव्हतो.

त्या दिवशी मात्र आठ होलनंतर माझा एक फटका कमी झाला होता, म्हणजे मी पुढे होतो. नवव्यावर पहिल्या फटक्यात माझा बॉल वाळूत गेला, तिचा होलपासून दोन पावलांवर थांबला. तेवढ्यात विजा चमकल्या, भोंगा झाला, सगळ्यांना बाहेर काढलं. तिने बॉल उचलून त्या जागी माझ्या शर्टाचं तुटलेलं निळं बटण ठेवलं. "पळून जायचं नाही हं. पुढच्या शनिवारी इथूनच."

पाच शनिवार मी गेलो नाही. मग मैदानाच्या माळ्याचा निरोप आला.

सकाळी मेहुणीला घेऊन गेलो. धुकं इतकं होतं की झेंडा दिसत नव्हता, नुसतं फडफडणं ऐकू येत होतं. आम्ही चालत होतो, पण कुठे पोचतोय असं वाटत नव्हतं. दोनदा मला मागे बायकोच्या पिशवीतल्या काठ्यांचा आवाज आला. मग आठवलं, पिशवी मेहुणीच्या खांद्यावर होती.

नवव्या होलपाशी माळी उकिडवा बसला होता. निळं बटण जागेवर होतं.

"रोज कापणीआधी उचलतो, मग परत ठेवतो," तो म्हणाला. "बाईंनी बजावलं होतं मला. होलची जागा खरं तर रोज बदलायची असते, पण बदलली नाही. आता कडेचं गवत मरायला लागलंय, साहेब. लोकही कुरकुर करतात. आज दुपारी हलवावंच लागेल."

मी वाळूत बॉल टाकला. एका फटक्यात बाहेर आलो, पुढच्यात होलमध्ये. माझे तीन झाले. मग तिचा बॉल बटणासमोर ठेवला आणि तिची काठी घेतली. ती मला आखूड पडते, वाकावं लागतं.

बसला तर तिचे दोन, म्हणजे एकूण बरोबरी; चुकला तर मी जिंकणार.

"मारा की, भाऊजी."

"तू मार."

"मी? मला धड झाडू मारता येत नाही. ताई तर म्हणायची, माझ्या हातात कात्री सोडून काही देऊ नका."

मी तसाच वाकून राहिलो. धुक्यात होल कधी जवळ यायचं, कधी लांब जायचं. ती इथे असती तर मागून खोकली असती, मला चुकवायला. मी खोकल्याची वाट बघत होतो. मुद्दाम चुकवला असता तर ती हरली असती, आणि बसवला असता तरी तो फटका माझा, तिचा नाही.

मी काठी मेहुणीकडे दिली आणि बॉल उचलला. बटण खिशात टाकलं.

"हलवा होल," माळ्याला म्हणालो.

पबमध्ये आंबलेल्या धान्याचा ओला वास होता आणि तांब्याच्या टाक्यांवर आमची तोंडं लांबट दिसत होती. बिअर बनवणारा दाढीवाला सवयीने विचारून गेला, "काय, कोण जिंकलं?" मग त्याची मान खाली गेली.

"डाव व्हायचाय अजून," मी म्हणालो. "काळी दे."

मेहुणीने माझ्या ग्लासातून एक घोट घेतला. "शी! करपलेल्या कॉफीसारखी आहे. ताईला हे आवडायचं?"

"तिने कधी तोंडाला लावली नाही. मला पाजायची आणि स्वतः सफरचंदाचा रस पीत माझं तोंड बघत बसायची."

मेहुणी हसली, मग बराच वेळ रडली. पाणी कोमट करायला आपण नळाकडे वळलो, तेवढ्यात ती गेली, हे तिने मला तेव्हा सांगितलं. मी तिला रस मागवला. काळी बिअर मी तळापर्यंत प्यायलो.

त्या डावाचे फटके लिहायचं कार्ड माझ्याकडे आहे. माझे नऊ आकडे लिहून झाले, तिचे आठ. नवव्या होलवर तिचा एक फटका मारायचा राहिला आहे.