यामिनीच्या नावावरची ओळ

कोडमधली ती ओळ सलिलने लगेच ओळखली. दोन वर्षांपूर्वी सिडनीतल्या पॅरामॅटाच्या याच ऑफिसात त्यानेच ती लिहिली होती. फाइल आपण कशाला वाहायची, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कर्नललाच सांगायचं, तो एका दमात नेतो. नेली की मूळ फाइल पुसायची. किती नेली ते कर्नल सांगतो, पण ते बघायची तसदी शहाण्याने घेतली नव्हती. इथल्या मशीनवर अख्खी जात होती ना!

टूवूंबाच्या एका क्लिनिकमधली सिस्टिम वेगळी. तिथे कर्नल एका दमात दोन जीबीच न्यायचा, उरलेल्यासाठी पुन्हा सांगावं लागायचं. पेशंटांचे स्कॅन अर्धवट पोचले आणि मूळ पुसले गेले. बॅकअपमुळे निभावलं, पण क्लिनिक खवळलं.

सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर ब्रेटने ती ओळ स्क्रीनवर आणली. ओळीला शेवटचा हात ज्याने लावला, त्याचं नाव शेजारी दिसतं. नाव यामिनीचं होतं. गेल्या महिन्यात सलिलच्याच सांगण्यावरून तिने त्या फाइलमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या नीट केल्या होत्या.

"यामिनी, धिस वन इज यू?"

"आय'ल चेक," ती म्हणाली.

यामिनी कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर, कंपनीने मिळवून दिलेल्या व्हिसावर होती. नोकरी गेली, तर सहा महिन्यांत दुसरा स्पॉन्सर, नाहीतर पुण्याचं तिकीट. सलिल ऑस्ट्रेलियन सिटिझन. तोंड त्यानेच उघडायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ होतो, तसा तो अख्खाच बधिर झाला होता. निदान लाज तरी वाटेल म्हणून त्याने वाट पाहिली. तीही वाटली नाही. मीटिंग संपली.

लंचनंतर यामिनी त्याच्या डेस्कशी आली.

"ओळीच्या जुन्या नोंदींत एक पायरी मागे गेलं की खरं नाव दिसतं, सलिल. मी बघितलंय."

"मग ब्रेटला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगशील असं वाटलं."

चार वाजता तो उठला. धैर्यबिर्य काही नव्हतं, पाय उचलले गेले इतकंच. ब्रेटच्या केबिनमध्ये त्याने एका वाक्यात सांगून टाकलं. ब्रेट हसला, त्याच्या खांद्यावर थाप मारली. दोन मिनिटांत तो बाहेर.

"सांगितलं," तो यामिनीला म्हणाला.

"काय म्हणाला?"

"नो वरीज, मेट. सोमवारी फिक्स कर म्हणाला."



"मीटिंगनंतर मला थांबवून," ती म्हणाली, "त्याने माझ्या व्हिसाची तारीख विचारली होती."