तीन तोंडांची साक्ष

गल्लीत मला सगळे वहीवाली म्हणतात. वर्षभर मी या एका गल्लीचा इतिहास गोळा करतेय. कुठल्या दुकानाच्या जागी आधी काय होतं, कोण कधी राहायला आलं, नळ कुणाच्या दारात होता आणि त्यावरून कोण कुणाशी बोलत नव्हतं. चाळीस मुलाखती झाल्या. मला शिकवणाऱ्या बाईंचा एकच नियम आहे: एकाने गोष्ट सांगितली तर गप, दोघांनी सांगितली तर अफवा, तिघांनी वेगवेगळं बसून सांगितली तर इतिहास. हा नियम मला इतका आवडला की वहीच्या पहिल्याच पानावर मी तो लिहून ठेवला. हल्ली ते पान मी उघडत नाही.

उद्या सकाळी दहा वाजता वाचनालयात प्रदर्शन उघडणार होतं. फलक तीन दिवसांपूर्वीच भिंतीवर लागले होते आणि येणारेजाणारे ते वाचत होते. सातवा फलक छापखान्याचा. चाळीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो जळाला, बावीस जणांचं काम गेलं आणि निम्मी गल्ली रिकामी झाली. फलकावर लिहिलंय, 'पहारेकऱ्याने शेगडी पेटती ठेवल्याने आग लागली.' साक्षीदार तीन: तिथे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे आजोबा, केस कापणारे काका आणि औषधवाले.

तो पहारेकरी म्हणजे माझ्या मावशीचे वडील. सख्खी मावशी नव्हे. ती शिवणकाम करते, तिची मागची खोली मी भाड्याने घेतलीय आणि जेवायला तिच्याकडेच असते. वडील आता नाहीत, पण शिवता शिवता ती भिंतीवरच्या त्यांच्या फोटोशी रोज बोलते. तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "त्या दिवशी बाबा तापाने फणफणले होते गं. दुपारपासून घरीच. मी पट्ट्या ठेवत बसले होते." मी ते लिहून घेतलं आणि शेजारी शेरा मारला, 'मुलगी आहे, बापाचीच बाजू घेणार.' शहाणपण नुसतं उतू जात होतं माझं.

फलकांजवळ ऐकवायला आवाजाचे तुकडे हवे होते, म्हणून दुपारी जेवण झाल्यावर मी मुलाखती पुन्हा ऐकायला बसले. आधी आजोबांची लावली.

"कुणीतरी शेगडी विझवायला विसरलं असणार," आजोबा म्हणत होते.

मग माझा आवाज, फारच उत्साही. "संध्याकाळी तिथे कोण असायचं?"

"पहारेकरी असायचा."

"म्हणजे पहारेकऱ्याने पेटती ठेवली?"

मग आजोबा म्हणाले, "असेल बाई. तू म्हणतेस तर असेल."

तेवढा तुकडा मी पुन्हा ऐकला. काकांची मुलाखत लावली. तिथे मी विचारणं कधीच सोडून दिलं होतं, सरळ सांगतच होते: "पहारेकऱ्याने शेगडी पेटती ठेवली होती, आठवतं ना?" काका म्हणाले, "हो हो, ठेवली होती." आणि औषधवाल्यांनी तर सुरुवातच केली, "परवा केस कापताना हाच विषय निघाला होता." तोंडं तीन होती, पण जीभ एकच. तीही माझी.

मी बाईंना फोन लावला. ऐकलेलं सगळं सांगितलं.

"फलक काढता येईल," त्या म्हणाल्या, "पण कारण लेखी द्यावं लागेल. आणि मग बाकीच्या मुलाखतींवर कोण विश्वास ठेवेल? वर्ष जाईल तुझं. विचार करून सांग."

मी विचार केला नाही, चपला घातल्या. मनात म्हटलं, काकांनी एवढं म्हटलं की 'मला नक्की आठवत नाही', तर गुपचूप ओळ बदलता येईल, वर्षही वाचेल. भित्रेपणाला डोकं फार चालतं.

काका कुणाची तरी दाढी करत होते. मी म्हटलं, "काका, ते शेगडीचं मीच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला स्वतःला आठवतं का काही?"

"म्हणजे काय! या डोळ्यांनी पाहिलंय मी," काका वस्तरा हवेत धरून म्हणाले. "शेगडी दाराशी होती. पहारेकरी तिच्याजवळ पेंगत होता. डोक्याला मफलर होता, तपकिरी."

"काका, मफलरबद्दल तुम्ही तेव्हा काहीच बोलला नव्हता."

"हळूहळू आठवतंय ना सगळं. आणि तू काय सांगणार मला? तुझा जन्म तरी झाला होता का?"

गिऱ्हाईक फेसातून हसलं. "सगळ्यांना माहितीये ते," तो म्हणाला. त्याचं वय असेल पंचवीस.

मी तिथेच पायरीवर उभं राहून बाईंना लिहिलं, 'फलक आजच काढा. कारण लेखी देते.' पाठवल्यावर जरा श्वास आला. वाटलं, सुटले.

घरी आले तर मशीन बंद होतं. मावशी हातात कुणाची तरी बाही धरून बसली होती.

"ये. तुलाच विचारायचं होतं," ती म्हणाली. "तो ताप ना, दुसऱ्या कुठल्या दिवशीचा असेल का गं? मी तेव्हा लहान होते. तिघं तिघं सांगतायत. लोक खोटं कशाला बोलतील?"

मी फोन टेबलावर ठेवला आणि आजोबांची मुलाखत लावली. मग काकांची. मग औषधवाल्यांची. मावशी मान खाली घालून ऐकत होती. माझा आवाज आला की ती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा खाली बघायची.

"हे सगळं मी केलं, मावशी," मी म्हटलं. "तुझं बरोबर होतं. फलक काढायला सांगितलाय."

"म्हणजे बाबा घरीच होते."

"हो."

"पट्ट्या मी ठेवल्या होत्या."

"हो, मावशी."

तिने बाही नीट घडी करून बाजूला ठेवली. तिच्यामागे भिंतीवर तिच्या वडिलांचा फोटो होता. तिकडे न वळताच ती म्हणाली, "तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही गं. आता काय तोंडाने बोलू?"