फ्रीजला सुट्टी

संगमनेरच्या बसस्टँडमागची दिपालीची डेअरी नवीकोरी, आणि नव्या दुकानाचा पहिला दसरा म्हणजे काय, हे ज्यानं दुकान काढलंय त्यालाच ठाऊक. श्रीखंडाच्या ऑर्डरींनी तिला मान वर करायला उसंत नव्हती, पण बाई खुशीत होती. चक्का फेटून, साखर-वेलची घालून श्रीखंडाचे डबे तिनं काचेच्या मोठ्या फ्रीजमध्ये ठेवले होते. डब्यांमधून गार हवा फिरायला जागा ठेवलेली, दाराचं रबर पुसलेलं, मागच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढलेली, आत थर्मामीटर टांगलेला. एवढी सेवा तिनं नवऱ्याचीही केली नव्हती. तो दुधाच्या टँकरवर गावोगाव फिरायचा, त्याला याचा पत्ताही नव्हता.

खंडेनवमीला सकाळीच ती पॅकिंगचं सामान आणायला नाशिकला गेली. दुकानात सासरे भिमाजी बसले. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात गेलेली. तिथं खंडेनवमीची पूजा झाली, की त्या दिवशी कुणी पान्यालासुद्धा हात लावत नसे. वर्षभर राबतात बिचारी यंत्रं, एक दिवस तरी निवांत बसू देत. भिमाजींनी फ्रीजवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि मोठ्या मायेनं बटण बंद केलं.

दिपाली परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. दुकानात पाऊल टाकताच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फ्रीजची घरघर येत नव्हती. दार उघडलं तर आत कोमट. थर्मामीटर पाचच्या खाली असायला हवा, तो पंचविसावर जाऊन बसला होता.

"मामा, लाईट गेली होती का?"

"न्हाई गं. म्याच बंद केलाय. खंडेनवमी हाय, त्येलाबी सुट्टी."

दिपालीचं तोंड बघूनच भिमाजींना आपण काय करून बसलो ते उमगलं. त्यांनी घाईघाईनं डबा उघडून बोटभर श्रीखंड चाटलं. "बघ की, लई झ्याक लागतंय. परत गार कर. कुनाला कळतंय?"

"जिभेला नाही कळत मामा, पोटाला कळतं. दिवसभर कोमट राहिलेलं परत गार केलं म्हणून चांगलं होत नसतं. उद्या कुणाचं तरी लेकरू खाईल हे."

मग दोघांनी मिळून परसात खड्डा केला. डबे रिकामे होत गेले तसं दिपालीला रडू आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही. ऑर्डरवाल्यांना आता काय तोंड दाखवायचं? श्रीखंड सकाळपर्यंत नव्यानं होणं शक्यच नव्हतं.

"बासुंदी आटवू," शेवटी ती म्हणाली. "गरम गरम कढईतून डब्यात. आणि श्रीखंडाचं कुणी विचारलं तर लाईट गेली होती म्हणू. तुमचं नाव नको यायला."

पहाटे गोठ्यावर जाऊन भिमाजींनीच म्हशीचं दूध आणलं आणि ते खाली लागू न देता हलवत बसले.

सकाळी पहिल्या आल्या रंगुबाई. गल्लीत यांच्या तोंडाला कुणी लागत नसे. "बासुंदी कुनी सांगितली? माझं श्रीखंड कुठंय?"

"काकू, काल लाईट..." दिपालीनं सुरुवात केली.

"लाईट कुठली," भिमाजी हात पुसत पुढं आले. "म्या फ्रीज बंद केल्ता, पूजा करून. समदं श्रीखंड कोमटलं. म्या म्हनलं इकू, कुनाला कळतंय. सुनबाईनं ऐकलं न्हाई, खड्ड्यात घातलं."

रंगुबाईंनी आधी म्हाताऱ्याकडं पाहिलं, मग दिपालीकडं.

"समदं टाकलं?"

"समदं, काकू."

रंगुबाईंनी आपला डबा पुढं सरकवला. "मग भर बासुंदी. आनि दिवाळीचं श्रीखंड मी हितूनच नेनार."

मागं रांगेत उभ्या असलेल्यांचेही डबे पुढं आले. भिमाजी येईल त्याला तीच हकिकत सांगत राहिले, आणि दर वेळी वाया गेलेलं श्रीखंड थोडं थोडं वाढतच गेलं. दुपारपर्यंत दिपालीला हसू आवरेना.

"मामा, आता पुरे की. किती वेळा स्वतःची चूक सांगाल?"

"चूक कुठं सांगतोय," भिमाजी म्हणाले. "माझी सून कशी हाय ते सांगतोय."