शालीने गिळलेला रोग

स्कॅनच्या खोलीबाहेर इतकी झुंबड उडाली होती की तपासणीला आलेल्या पोरांनाच बसायला जागा नव्हती. जो तो शालबाबाच्या पाया पडायला धडपडत होता. माझ्या भाचीच्या, म्हणजे भिंगरीच्या मानेतला रोग त्याने म्हणे शालीत ओढून घेतला होता.

भिंगरीला छातीत कॅन्सर. सलाइनमधून दिली जाणारी निम्मी औषधं झाल्यावर स्कॅन केला, तर मानेच्या दोन्ही बाजूंना दिवे लागल्यासारखे डाग. "आजार नसेलही, पुन्हा बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. ताईने फक्त 'डाग' ऐकलं आणि बाबाला गाठलं. त्याने शाल दिली. पहाटेपासून गुंडाळा, मशीनपाशी जाईपर्यंत सोडू नका! दुसऱ्या स्कॅनमध्ये मान स्वच्छ.

"रोग मी गिळला!" बाबा डोळे फिरवत गरजला. "आता ती विषारी सलाइनं बंद. माझं मंतरलेलं पाणी सुरू."

"ऐकलंस ना?" ताई मला म्हणाली. "उद्यापासून सलाइन नाही. पोरीचे हाल बघवत नाहीत रे."

माझं टाळकंच सरकलं. औषध अर्ध्यावर सोडलं तर पोर हातची जाणार होती.

तेवढ्यात डॉक्टरबाई दोन्ही स्कॅन घेऊन बाहेर आल्या आणि थेट भिंगरीसमोर उकिडव्या बसल्या.

"पहिल्या वेळी अंगात काय होतं गं?"

"फ्रॉक. आणि एसी केवढा! माझे दात वाजत होते."

"ऐकलंत?" बाई उठल्या. "स्कॅनआधी आम्ही किंचित किरणोत्सारी साखर टोचतो. कॅन्सरची गाठ ती खाते आणि चमकते. पण मुलांच्या मानेत ऊब देणारी चरबी असते. पोर कुडकुडलं की तीही साखर खाते, तीही चमकते. मानेत रोग नव्हताच; या वेळी शालीची ऊब होती, म्हणून चमकलं नाही. परवा एका मुलाचे असेच डाग आमच्या साध्या ब्लँकेटने गेले."

"त्या ब्लँकेटवरही माझीच कृपा!"

"मग छातीतली गाठ का नाही गिळलीत? दोन्ही स्कॅनमध्ये आहे. औषधांनी लहान झालीय, पण आहे."

बाबाला अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

"बाबा, शाल नेता का?" भिंगरी ओरडली. "टोचते!"

"गरम कपडे घालून आणा, हे आम्हीच सांगायला हवं होतं," बाई ताईला म्हणाल्या. हवंच होतं! तुम्ही डॉक्टर गप्प बसता, म्हणून असल्या भामट्यांचं फावतं.

ताई पोरीला कवटाळून रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "उद्या सलाइनला किती वाजता आणू?"

लोकहो, पोरांना शाल जरूर पांघरा. पण ऊब लोकरीची असते, बाबाची नाही. आणि उद्याचं सलाइन चुकवू नका.