कूलरमधला घुमट

मी एक मुनिया आहे. चिमणीहून लहान, आणि सध्या पार वैतागलेली. मित्रांनो, आमचं घर म्हणजे गवताचा गोल घुमट, एका अंगाला दार. असे दोन मी बाभळीत बांधले. पहिला कावळ्याने विस्कटला. दुसरा बांधला, तर प्लॉट साफ करणाऱ्यांनी बाभूळच तोडली.

तेवढ्यात नवऱ्याला नागपुरातल्या एका खिडकीत आयतं गवत सापडलं. लोखंडी पेटी, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, आत अंधार. एवढं गवत माणसांनी कशासाठी लावलं असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, अंड्यांची घाई होती. आम्ही मागच्या ताटीला भोक पाडलं आणि तेच गवत ओढून आत घुमट विणला. म्हणजे विणला मीच. तो एकच पीस तीनदा आणून तीनदा पाडत होता.

पाच अंडी, पाच पिल्लं. आणि होळी झाली, म्हणजे कूलर चालू करायचे दिवस!

"सरिता, पाईप आण वं! कूलर चालू करून पाहतो," म्हातारे चंपतराव ओरडले.

त्यांची सून कडेवर तान्ह्या अनिशला आणि हातात पाईप घेऊन आली, आत डोकावली आणि तिने पाईप मागेच धरला. "थांबा मामाजी! पिल्लं आहेत आतमधी. पंखं नाही फुटले अजून."

"अन् आपल्या पिल्लाले घामोळ्या झाल्या तं?"

"वल्ली चादर बांधू दाराले. पंधरा दिवसाचा तं प्रश्न आहे."

"पाखरायचेच लाड करा!" म्हणत ते गेले. पण रोज सकाळी भोकाशी डोळा लावून माझ्या नवऱ्यालाच विचारत, "काहून गा, अजून किती दिवस?" तोवर मी चोचीत दाणे घेऊन तारेवर ताटकळत. भरवू कधी मी?

ऊन तापलं. अनिश किरकिरायचा, सरिता चादर पुन्हा भिजवायची. तिचंही माझ्यासारखंच, बसायला फुरसत नाही.

सोळाव्या दिवशी पिल्लं उडाली. शेवटचं घाबरट अनिशच्या लंगोटांच्या दोरीवर बसून राहिलं, तेव्हा सरिता कपडे काढायचे सोडून दारातच थांबली.

मित्रांनो, कूलर आमचा नव्हता, मान्य. पण बाभूळ आमची होती ना? कुंपणाशी एखादं काटेरी झाड राहू द्या. आणि पाणी सोडण्याआधी एकदा आत डोकावा.

नवऱ्याला सांगून उपयोग नाही. आत्ताच तो चोचीत काडी घेऊन आलाय. शेजारच्या खिडकीतल्या कूलरमधून.